मेनोपॉज आणि नोकरी: मॅनेजर आणि एचआरने नेमकं काय करायचं

मेनोपॉजचा त्रास असलेल्या बहुतेक बायका कामाच्या ठिकाणी त्याबद्दल बोलत नाहीत. न बोलण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि चांगली व्यवस्था हे गृहीत धरूनच उभी करावी लागते. म्हणून सुरुवात धोरणाच्या कागदापासून करू नका. आधी काही साध्या सोयी सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खुल्या करा, म्हणजे पंखा, पाणी, पाच मिनिटांची उसंत किंवा बदलायला कपडे हवे असतील तर कुणालाही स्वतःच्या पाळीचा विषय काढावा लागणार नाही. जिला त्यापलीकडे काही हवं आहे तिच्याशी मग एकांतात बोलायचं, ठरलेलं लिहून घ्यायचं आणि ते चाललंय का हे ठरावीक दिवशी तपासायचं. धोरण सगळ्यांत शेवटी, जे प्रत्यक्षात सुरू आहे ते नोंदवण्यासाठी. हा क्रम उलटा झाला की धोरण देखणं होतं आणि कारखान्यातल्या बाईला मात्र स्वच्छतागृहात जायला सुपरवायझरची परवानगीच मागावी लागते.

आधी एवढं माहीत हवं

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती, म्हणजेच मेनोपॉज, झाली असं मानतात. बहुतेकींच्या बाबतीत हे ४५ ते ५५ या वयात घडतं. पण कामावर परिणाम करणारा त्रास त्याच्या बराच आधी, पाळी अनियमित होऊ लागते तेव्हापासूनच सुरू होतो. या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात. तो सरासरी ४ वर्षांचा असतो, काहींच्या बाबतीत त्याहून खूप लांबतो.

वयावर फार विसंबू नका. काही जणींची पाळी चाळिशीच्या आतच थांबते. अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी घ्यावी लागली किंवा स्तनाच्या कर्करोगावरची काही औषधं सुरू झाली तर तिशीतही हीच लक्षणं येतात. शस्त्रक्रियेनंतर तर ती काही दिवसांतच आणि जोरात येतात, सवय व्हायला वेळच मिळत नाही. काही ट्रान्स पुरुषांनाही (जन्मावेळी मुलगी अशी नोंद झालेल्या पुरुषांना) हा त्रास होतो. म्हणून कुठल्याही सोयीला '४५ वर्षांवरील महिला कर्मचारी' अशी अट घालू नका.

हॉट फ्लश, म्हणजे अंगातून एकदम वाफा निघाल्यासारखं होणं, हे सगळ्यांत ओळखीचं लक्षण. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झालं की तापमानातला किती चढ-उतार चालवून घ्यायचा याची त्याची मर्यादा अरुंद होते. शरीर किंचित तापलं तरी ते फार तापलंय असं समजून तो उष्णता बाहेर टाकायला लावतो: त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा आणि मान लाल होते, घाम फुटतो, छातीत धडधडतं, आणि नंतर बऱ्याचदा थंडी वाजते. हे सहसा १ ते ५ मिनिटं टिकतं. कामाच्या ठिकाणी याचा अर्थ सरळ आहे. सगळी खोली दिवसभर गार ठेवण्यापेक्षा त्या पाच मिनिटांत तिला स्वतःला गार करता येणं आणि नंतर पुन्हा ऊब घेता येणं जास्त गरजेचं.

किती काळ? अमेरिकेत अनेक वर्षं चाललेल्या 'स्वॅन' या अभ्यासात वारंवार हॉट फ्लश येणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्या जणींमध्ये हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त टिकल्याचं दिसलं. 'थोडे दिवस कळ काढा' हा सल्ला त्यामुळे निरर्थक आहे.

बाकीची लक्षणं बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्यांचा चुकीचा अर्थ लावला जातो. रात्री घाम येऊन तीन-तीनदा उठावं लागलं की दुसऱ्या दिवशी लक्ष लागत नाही, आणि मॅनेजरला ती 'कामात रस न उरल्याची' खूण वाटते. शब्द तोंडावर असतो पण आठवत नाही. सांधे आखडतात, डोकं दुखतं, विनाकारण धास्ती वाटते, लघवीची घाई होते. पाळी पूर्ण थांबण्याआधीच्या काळात तर रक्तस्राव कधी होईल आणि किती होईल याचा अंदाजच राहत नाही. विसरण्याबद्दल एक दिलासा देण्यासारखी गोष्ट: याच 'स्वॅन' अभ्यासात पेरिमेनोपॉजच्या काळात नवं शिकण्याचा वेग मंदावलेला आढळला आणि पुढे तो पूर्ववत झाला. अनुभवी माणसाची बुद्धी कायमची मंदावली असं समजून तिला बाजूला करणं ही चूक आहे, आणि संस्थेला ती महाग पडते.

सांगावं न लागता मिळणाऱ्या सोयी

या सोयींसाठी अर्ज, प्रमाणपत्र, नोंदवही काहीही नको. मागणाऱ्याला 'कशाला हवंय?' असं विचारलं की सोय संपली.

पंखा प्रत्येकाच्या हाताशी हवा आणि त्याचं बटण ज्याचं त्याच्याकडे. यूएसबीवर चालणारे छोटे पंखे एकदम मागवून ठेवा आणि स्टेशनरीसोबत द्या. वारा चेहरा आणि मानेवर यायला हवा. हवाच ३५ अंशांच्या वर गेली असेल तर पंखा गरम वाराच फेकतो आणि फारसा उपयोग होत नाही. तिथे गार पाणी, ओला रुमाल आणि थंड खोली लागते. बसायची जागा बदलून मिळण्याची मुभा द्या. प्रिंटर, सर्व्हर, भट्टी, बॉयलर किंवा दुपारच्या उन्हाची खिडकी यांच्याजवळची जागा नको. उघडणारी खिडकी किंवा एसीची झडप जवळ असेल तर उत्तम. संपूर्ण मजल्याचा एसी खाली आणण्याचा मार्ग टाळा. त्यावरून रोज वाद होतात आणि 'हिच्यामुळे सगळे गारठतात' असं बोट एका बाईकडे वळतं.

पिण्याचं गार पाणी कामाच्या जागेपासून उठून मिनिटभरात घेता यावं. बाटली टेबलावर किंवा लाइनवर ठेवायला बंदी असेल तर ती खरंच सुरक्षेसाठी आहे का ते तपासा. अनेक ठिकाणी ती निव्वळ जुनी सवय असते.

स्वच्छतागृहाकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. जास्त अंगावर जाणाऱ्या दिवसांत तासाभरात पॅड बदलावं लागू शकतं. त्यामुळे 'दर तीन तासांनी ब्रेक' हे वेळापत्रक तिथे कोलमडतं. प्रत्येक मजल्यावर, आतून नीट बंद होणारी कडी, नळाला पाणी, झाकणाचा कचरा डबा, पिशवी अडकवायला खुंटी आणि हातातलं सामान ठेवायला छोटी फळी, इतकं तरी हवंच. पॅड आतच ठेवा, एचआरच्या कपाटात किंवा रिसेप्शनवर मागून घ्यायचे नकोत. नेहमीच्या आकाराबरोबर मोठे, रात्री वापरायचे पॅडही ठेवा. नेहमीचे पॅड या दिवसांत अपुरे पडतात. साठा रोज कोण पाहणार त्या व्यक्तीचं नाव ठरवा. नाव ठरलं नाही तर महिन्याभरात डबा रिकामा दिसेल.

गणवेश असेल तर कापड सुती किंवा घाम लवकर सुकवणारं निवडा. बंद गळा, टाय, जाड अस्तर ऐच्छिक करा. खालचा भाग गडद रंगाचा असावा. पांढरी पँट किंवा पांढरी सलवार सक्तीची असेल तर बाईचा अर्धा जीव डाग पडेल का याच भीतीत अडकतो. नेहमीच्या संचांपेक्षा निदान एक जादा संच द्या आणि तो कामाच्या जागी लॉकरमध्ये ठेवू द्या. खुर्च्यांना पुसता येणारी गडद कव्हरं घाला, सगळ्याच खुर्च्यांना.

शेवटची सोय एका छोट्या खोलीची: दार बंद होणारी, पंखा, पाणी आणि आडवं होता येईल असा पलंग किंवा लांब बाक असलेली. दारावर 'विश्रांती' एवढंच लिहा. मायग्रेनवाला, गरोदर बाई, नुकताच आजारातून उठलेला माणूस, सगळे ती वापरू लागले की तिथे जाण्यातला संकोच गळून पडतो.

टेबलावरचं काम नसेल तर

मेनोपॉजवरचे बहुतेक सल्ले ऑफिसात बसणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलेले असतात. जिथे जागेवरून हलताच येत नाही तिथे खरी कसोटी लागते, आणि तिथे सोय म्हणजे बहुतेक वेळा माणूस: तिच्या जागी पाच-दहा मिनिटं उभं राहणारा बदली माणूस.

कारखान्याच्या लाइनवर प्रत्येक शिफ्टमध्ये एक रिलीव्हर नेमा. हात वर केला की तो जागा घेईल आणि कारण विचारणार नाही. रिलीव्हर फक्त ठरलेल्या वेळीच येणार असेल तर अचानक सुरू झालेल्या रक्तस्रावात त्याचा काही उपयोग नाही. अंगभर बंद सूट, रबरी एप्रन, मास्क घालून करायचं काम असेल तर त्या पोशाखात घाम वाळत नाही, उष्णता आतच साठते आणि फ्लश लांबतो. तिथे कामाचे टप्पे छोटे करा, गरम आणि गार जागांची कामं आलटून पालटून द्या, आणि सूट काढून पुन्हा घालायला लागणारा वेळ ब्रेकमधून कापू नका.

कॉल सेंटरमध्ये अडचण असते ती ऑक्स कोडची, म्हणजे कॉल घेत नसताना त्याचं कारण नोंदवायच्या कोडची. मिनिटामिनिटाचा हिशेब लागतो आणि 'वॉशरूम' हा कोड दिवसातून सात वेळा पडला की अहवालात नाव लाल होतं. 'वैयक्तिक' असा एकच कोड ठेवा, तो टीम लीडरच्या रोजच्या यादीतून वगळा आणि एकूण मिनिटं आठवड्याच्या हिशेबाने पाहा.

शिक्षिकांना वर्ग सोडून जाता येत नाही. वेळापत्रक लावताना सलग दोनपेक्षा जास्त तास येणार नाहीत असं बघा. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाला दहा मिनिटं दोन्ही वर्गांवर लक्ष ठेवता येईल अशा जोड्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाका. वरच्या मजल्याचे वर्ग शक्य तिथे बदलून द्या.

वॉर्डातल्या परिचारिकांच्या बाबतीत सलग रात्रपाळ्या सगळ्यांत जास्त त्रास देतात, कारण दिवसाची झोप आधीच अर्धवट असते आणि घामाने तीही मोडते. सलग रात्रींची संख्या कमी करा, शिफ्ट सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवा, आणि दोन शिफ्टमध्ये निदान ११ तास मोकळे राहतील हे ड्यूटी चार्ट लावतानाच पाहा. वाहन चालवणाऱ्या आणि मार्गावर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना वापरण्याजोगी स्वच्छतागृहं कुठे आहेत याची यादी द्या आणि तिथे थांबण्यासाठीचा वेळ फेरीतच धरा. सुरक्षारक्षक महिलेची चौकी एकटीची असेल तर तिला सोडवायला कोण येणार ते लेखी ठरवा.

सफाई आणि सुरक्षेची माणसं बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराची असतात, आणि वरच्या सगळ्या सोयी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. कंत्राट नव्याने करताना स्वच्छतागृहाचा वापर, जादा गणवेश आणि बदली माणूस हे तीन मुद्दे करारात घाला.

बोलायचं कसं

आपण होऊन 'तुम्हाला मेनोपॉजचा त्रास होतोय का?' असं कधीही विचारू नका. अंदाज बरोबर निघाला तरी बाईला अपमान वाटतो, आणि चुकला तर दुप्पट. कामातून जे दिसलं त्याबद्दल बोला आणि दार उघडं ठेवा: 'गेले काही आठवडे सकाळची वेळ तुम्हाला जड जातेय असं वाटलं. कामात काही बदल करून बरं वाटणार असेल तर सांगा, करू या. कारण सांगायलाच हवं असं नाही. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाशी बोलायचं असेल तरी चालेल.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. पुरुष मॅनेजरशी किंवा वयाने लहान वरिष्ठाशी बोलायला अनेकींना जड जातं. एचआरमधली एखादी स्त्री किंवा कंपनीची नर्स असा पर्याय खरोखर उपलब्ध हवा.

ती बोलायला आली तर अर्धा ते पाऊण तास मोकळा ठेवा, फोन बाजूला, काचेची खोली नको. आधी ऐका. मग एकच प्रश्न विचारा: 'कामातलं नेमकं काय अवघड जातंय, आणि कशाने हलकं होईल?' तिला लगेच सुचेलच असं नाही. अशा वेळी दोन-तीन शक्यता पुढे ठेवा आणि दोन दिवस विचार करायला द्या. 'माझ्या आईला तर काहीच झालं नव्हतं', 'हे सगळ्याच बायकांना होतं', 'योग सुरू करा' ही तीन वाक्यं बोलणं तिथेच थांबवतात. औषधं कोणती घेता, हार्मोन्स घेता का, हे विचारू नका. तो तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा विषय. उठण्याआधी हे कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे तिच्याच शब्दांत ठरवून घ्या. टीमला एवढंच पुरतं: 'पुढचे काही महिने त्या दहा वाजता येतील.'

त्रास कोणता, बदल कोणता

झोप मोडत असेल तर कामाची सुरुवात तासभर ते दीड तास पुढे न्या आणि सुटण्याची वेळही तितकीच. तास कमी करून पगार कापणं हा पहिला उपाय नव्हे. अनेकींना पूर्ण काम करायचंच असतं, फक्त सकाळी आठला नको असतं. यंत्र किंवा वाहन चालवण्याचं काम असेल तर हा बदल सवलत म्हणून नाही, सुरक्षेचा मुद्दा म्हणून तातडीने करा. शक्य असेल तिथे आठवड्यातले काही दिवस घरून काम द्या, आणि ते दिवस आदल्या रात्री ठरवण्याची मुभा असू द्या, कारण रात्र कशी जाईल हे आधी कुणालाच माहीत नसतं.

विसरायला होत असेल, शब्द सुचत नसतील, तर तोंडी सूचनांच्या जागी लेखी सूचना द्या. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवा. दोन बैठकांत दहा मिनिटांचं अंतर ठेवा. दिवसातला दीड तास असा द्या की त्यात कुणी फोन करणार नाही. जिथे चूक महागात पडते, म्हणजे औषधांचे डोस, पैशांचा हिशेब, यंत्राची जोडणी, तिथे चेकलिस्ट सगळ्यांसाठीच लावा. एकटीलाच चेकलिस्ट दिली तर ती शिक्षा वाटते.

लोकांसमोर उभं राहून बोलण्याचं काम असेल तर लक्षात घ्या की ताण, बंद खोली आणि रोखलेल्या नजरा यांमुळे फ्लश येण्याची आणि तो असह्य वाटण्याची शक्यता वाढते. दाराजवळची जागा, हाताशी पाणी, बसून बोलण्याची मोकळीक आणि गरज पडली तर पुढचा भाग सांभाळणारा सहकारी, एवढ्याने बरंच भागतं. तिला न विचारता तिच्याकडून सादरीकरणं काढून घेऊ नका. दया दाखवण्याच्या भरात मॅनेजर हेच सगळ्यांत जास्त करतात, आणि तिची बढती नेमकी इथे अडते.

जास्त रक्तस्राव होत असेल तर स्वच्छतागृहाजवळची जागा, त्या दिवसांत प्रवासाची कामं पुढे ढकलणं, लांबच्या बैठकीला घरून हजर राहणं हे बदल करा. सतत जास्त रक्त गेलं की रक्तक्षय होतो; जिना चढताना दम लागणं आणि दिवसभराचा थकवा त्यातूनही असू शकतो. तो आळस समजू नका.

सांधे दुखत असतील तर खुर्चीची आणि टेबलाची उंची तपासा, तासाभराहून जास्त सलग उभं राहावं लागणार नाही असं पाहा, वजन उचलायची कामं सकाळच्या पहिल्या तासात देऊ नका, कारण तेव्हा अंग जास्त आखडलेलं असतं. लघवीची घाई होत असेल तर तिने पाणीच कमी प्यायला सुरुवात केलेली असू शकते. उपाय पुन्हा स्वच्छतागृहाचाच.

धास्ती आणि उदासीनता यांना 'मूड' म्हणून उडवून लावू नका. कंपनी समुपदेशन देत असेल तर त्याचा मार्ग गुप्त असल्याची खात्री करून मगच सुचवा. हॉट फ्लश आणि झोपेच्या त्रासाशी जुळवून घेण्यासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत, उपयोगी पडते. नोकरदार स्त्रियांना त्याची स्वतःच वाचून करायची पुस्तिका देऊन ब्रिटनमध्ये केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हॉट फ्लशचा जाच कमी झाल्याचं दिसलं. अशी पुस्तिका सगळ्यांना सहज मिळेल अशी ठेवणं स्वस्तही आहे आणि त्यात कुणाला पुढे येऊन नाव सांगावं लागत नाही.

एका पानावर लिहा

तोंडी ठरलेलं मॅनेजर बदलला की हवेत विरतं. नव्या माणसासमोर तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि अनेक जणी ते टाळून गप्प बसतात. म्हणून एक पान लिहा. त्यात पाच गोष्टी: कामातली अडचण (निदान नाही, लक्षणांची यादी नाही), ठरलेला बदल, तो कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत करणार, कुणाला काय सांगायचं, आणि तपासणीची तारीख. सही दोघांची, प्रत तिच्याकडे. बदली झाली तर पान तिच्यासोबत जाईल, तिने हो म्हटलं तरच.

पहिली तपासणी ४ आठवड्यांनी. त्यानंतर दर ३ महिन्यांनी १५ मिनिटं पुरतात. लक्षणं बदलत राहतात. आज पंखा हवा असेल, सहा महिन्यांनी झोपेचा प्रश्न मोठा झालेला असेल. तिने नवीन उपचार सुरू केले असतील तर त्यांचा परिणाम नीट कळायला साधारण ३ महिने लागतात, तेवढ्यात बदल काढून घेऊ नका.

साध्या बदलांना डॉक्टरांची चिठ्ठी मागू नका. शिफ्ट कायमची बदलणं किंवा जबाबदारी बदलणं अशा मोठ्या गोष्टींसाठी ती लागली तर त्यात फक्त 'काय करणं अवघड आहे' एवढंच लिहून घ्या.

रजा आणि मूल्यमापन

मेनोपॉजसाठी वेगळी रजा द्यावी का, यावर बरीच चर्चा होते. ती द्यायला हरकत नाही, पण तिच्यावरच भिस्त ठेवू नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०२३ सालच्या अभ्यासात ४५ ते ६० वयाच्या नोकरदार स्त्रियांपैकी सुमारे ११ टक्के जणींनी वर्षभरात या लक्षणांमुळे कामाचे दिवस बुडाल्याचं सांगितलं. म्हणजे बहुतेक जणी कामावर येतच असतात, त्रास अंगावर काढत. त्यांचा प्रश्न रजेने सुटत नाही, कामाच्या जागेने सुटतो. शिवाय 'मेनोपॉज रजा' असं नाव असलेली रजा घेणं म्हणजे जाहीर करणंच झालं.

तासाच्या हिशेबाने घेता येणारी आजारपणाची रजा, डॉक्टरांकडे जायला पगारी वेळ आणि सगळ्यांना दिसणाऱ्या रजा-तक्त्यात फक्त 'रजा' एवढीच नोंद, ही मांडणी जास्त उपयोगी पडते. या कारणाने पडलेल्या रजा एचआरकडे वेगळ्या कोडखाली ठेवा आणि 'इतक्या गैरहजेरीनंतर नोटीस' या नियमातून वगळा. कंपनीचा आरोग्य विमा फक्त भरती झाल्यावर पैसे देणारा असेल तर या काळातला बहुतेक खर्च त्यात बसत नाही. विम्याचं नूतनीकरण करताना बाह्यरुग्ण तपासणीचा पर्याय विचारा.

काम खालावलं असेल तर औपचारिक कारवाईआधी तब्येतीबद्दल विचारण्याची एक पायरी सगळ्यांसाठीच सक्तीची करा. बदल करा, ८ ते १२ आठवडे द्या, मग मोजा. ब्रिटनच्या समानता आणि मानवाधिकार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं की लक्षणांचा रोजच्या जगण्यावर मोठा आणि दीर्घकाळ परिणाम होत असेल तर ते कायद्याच्या व्याख्येतलं अपंगत्व ठरू शकतं, आणि मग वाजवी बदल न करणं हा भेदभाव होऊ शकतो. इतर देशांत कायदे वेगळे आहेत, पण कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि लिंगभेद यांचे नियम तपासायलाच हवेत. धोरण लिहिताना आधार हवा असेल तर ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनचं २०२३ सालचं बीएस ३०४१६ हे मार्गदर्शक मानक पाळी आणि मेनोपॉज या दोन्ही विषयांवर तपशिलात बोलतं.

डॉक्टरांकडे लगेच जायला कधी सांगायचं

उपचार सुचवणं तुमचं काम नाही, पण काही गोष्टी कानावर आल्या तर गप्प राहू नका. १२ महिने पाळी बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाला, थोडासा डाग असला तरी. सलग काही तास दर तासाला पॅड पूर्ण भिजतंय, किंवा त्यासोबत चक्कर येतेय. छातीत दुखतंय किंवा धडधड थांबतच नाही. जगण्यात अर्थ नाही असं ती बोलतेय. यांतलं पहिलं लवकर दाखवायचं, बाकीचे तीन त्याच दिवशी, आणि छातीत दुखत असेल तर त्याच क्षणी. 'वयामुळे असेल' म्हणून थांबायचं नाही. छातीत दुखणं म्हणजे हॉट फ्लशच, असं गृहीत धरणं जिवावर बेतू शकतं.

कुठे बिघडतं

एकाच व्याख्यानाने काम झालं असं समजतात. १८ ऑक्टोबरला जागतिक मेनोपॉज दिन असतो. त्या दिवशी डॉक्टर येतात, शरीरशास्त्र सांगतात, टाळ्या पडतात. मॅनेजरला मात्र दुसऱ्या दिवशी समोर आलेल्या बाईशी काय बोलायचं ते कळलेलं नसतं. प्रशिक्षण तासाभराचं ठेवा आणि त्यातला अर्धा वेळ दोघा-दोघांनी प्रत्यक्ष बोलण्याचा सराव करू द्या. रात्रीच्या शिफ्टचे सुपरवायझर त्यात हवेतच. नवा मॅनेजर पहिल्या ३ महिन्यांत हे प्रशिक्षण घेईल असं बघा.

मेनोपॉजबद्दल सहकाऱ्यांशी बोलणारे स्वयंसेवक नेमताना वयाकडे पाहून बायकांची नावं टाकतात. कुणालाही न विचारता या कामाचा चेहरा बनवू नका.

थट्टा सोडून देतात. 'आज वाफा जोरात दिसतायत' हे हसण्यावारी नेलं की त्या टीममधली एकही बाई पुढे मदत मागत नाही. तिथल्या तिथे, शांतपणे थांबवा. पुन्हा झालं तर छळाच्या तक्रारीचा जो मार्ग आहे तोच वापरा.

चाललंय का, हे पाहताना

किती जणींनी बदल मागितले हा आकडा सुरुवातीला वाढायला हवा. तो शून्य असेल तर त्रास नाही असा अर्थ काढू नका. विश्वास नाही असा काढा. पॅडचा साठा किती दिवसांत संपतो, विश्रांतीची खोली रोज किती वेळ वापरात असते, रिलीव्हर किती वेळा मागितला जातो, यावरून कागदी अहवालापेक्षा जास्त कळतं. वर्षातून एकदा निनावी प्रश्नावली द्या, आणि तीत स्वच्छतागृह, तापमान, गणवेश, ब्रेक आणि मॅनेजरशी बोलता येतं का, हे पाच प्रश्न सगळ्यांना विचारा, फक्त बायकांना नाही. एखाद्या विभागात १० पेक्षा कमी माणसं असतील तर त्या विभागाचे आकडे वेगळे छापू नका, कोण काय म्हणालं ते लगेच ओळखू येतं. आणि ४० ते ६० वयाची बाई राजीनामा देत असेल तर शेवटच्या मुलाखतीत 'कामाच्या जागेत किंवा वेळेत काय बदललं असतं तर तुम्ही राहिला असता?' हा प्रश्न नक्की विचारा. तो विचारणारा माणूस तिचा थेट वरिष्ठ नसावा.